होऊन राहिली पाचवी

परवा आमच्या गावात नव्या राज्याचे पेढे वाटले. गेल्या काही वर्षांत आमचं गाव आधी नागपूरच्या राज्यात होतं, मग मुंबईच्या राज्यात गेलं, आता महाराष्ट्रात आलं. एवढा प्रवास करूनही गाव जागचं तसूभर हललं नाही. तिकीटही लागलं नाही.

पेढे झाल्यावर सरपंच उठले आणि म्हणाले, गावात सातवीपर्यंत शाळा करू. मग उपसरपंच उठले आणि म्हणाले, गावावर कोणताही कर बसू देणार नाही. टाळ्या दोघांनाही सारख्याच पडल्या. मी टाळी वाजवली नाही. एका हातात पेढा होता, हे एक कारण. दुसरं कारण असं की हे दोघं एका व्यासपीठावर एकामागून एक बोलले की पुढे काय होतं, ते मी पाचवीच्या वेळी पाहिलेलं आहे.

मी नागपूरकडची. लग्न होऊन आमगावच्या अलीकडच्या या गावात आले. घरी धानाची शेती, आणि बाजारटोलीवर किराण्याचं दुकान. मला याद्या करायची सवय आहे. पाहुणा यायचा म्हटलं की यादी, पेरणी म्हटलं की यादी, आजारपण आलं तरी आधी यादी आणि मग वैद्य. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "हिचा देव पन यादीत असन." आहे. सोमवारी.

त्या वर्षी माझ्या यादीत सगळ्यात वर एकच गोष्ट होती, आणि ती बाजारात मिळत नव्हती. पाचवी.

गावात शाळा चौथीपर्यंत होती. माझी लेक चौथीत होती आणि तिला शिकायचं होतं. पुढची शाळा आमगावला. वाटेत नाला आणि नाल्याच्या दोन्ही अंगांना मोहाची झाडी. त्या वाटेने एकट्या मुलीला पाठवणारं घर आमच्या गावात नव्हतं, आणि आमचं घर गावाला सोडून नव्हतं. सासूबाईंनी सांगून टाकलं होतं, "गावात पाचवी झाली तं शिको. नाई झाली तं चौथी लय झाली. मी काई शिकली नाई, मले काय झालं?" काय झालं ते सांगायची माझी तयारी होती, पण सुनेच्या यादीत ते बसत नाही. माझ्या मालकांचं मत विचारलं तर ते म्हणत, "पाहू." माणूस चांगला आहे, पण "पाहू" म्हणाल्यावर तो पाहत नाही, हा माझा अनुभव. दवनीवाड्याकडून एक स्थळही सुचवून झालं होतं. पोरगी दहा वर्षांची.

तर अशा वेळी गावात पंचायतीची निवडणूक आली, आणि मला जरा आशा वाटली. त्या वयात वाटते.

गावात पार्ट्या तीन. एक जुन्या मालगुजारांची, म्हणजे गावच्या जमीनदारांची. मालगुजारी कायद्याने गेली होती, पण तोरा कुठल्या कायद्यात लिहिलेला नसल्यामुळे तो राहिला होता. दुसरी तलावाखालच्या शेतकऱ्यांची. तिसरी बाजारटोलीची, म्हणजे दुकानदार, आडते आणि गोंदियाहून येऊन इथेच रुजलेले दोनचार व्यापारी.

शेतकऱ्यांच्या पार्टीने सांगितलं, निवडून आलो तर कोंडवाडा बंद. कोणाचं जनावर कोणाच्या शेतात शिरलं तर ते कोंडून ठेवायचं आणि दंड भरून सोडवायचं, हा इंग्रजाचा जुलूम आहे. स्वतंत्र देशात गाय कैदेत राहणार नाही. बाजारटोलीने सांगितलं, घरपट्टी माफ आणि बाजारात बसायची पट्टीही माफ. आता खर्चाची बाजू. शेतकऱ्यांनी तलावाची पाळ दुरुस्त करून द्यायचं कबूल केलं. बाजारटोलीने मंडईला दोन रात्रींची दंडार कबूल केली. दिवाळीनंतर गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते, त्यात दंडारीच्या नाटकाचा खेळ नसला तर पाहुणे पुढच्या वर्षी येत नाहीत, त्यामुळे हे वचन मोठं होतं. आणि पाचवीची खोली दोघांनीही कबूल केली. ती कबूल करायला सोपी होती, कारण वरच्या खात्याने सांगितलं होतं, गावाने खोली बांधून दाखवावी, मास्तर आम्ही देतो.

मी कागदावर दोन रकाने केले. डावीकडे पंचायतीला पैसा कुठून येतो: घरपट्टी, बाजारपट्टी, कोंडवाडा. उजवीकडे पैसा कुठे जाणार. मग मला वाटलं, चिंता नको. यातली एकच पार्टी निवडून येईल, म्हणजे निम्मी तरी डावी बाजू शिल्लक राहील.

गावाने कोणालाच बहुमत दिलं नाही. मालगुजार येऊ नयेत एवढ्यावर बाकीच्या दोघांचं एकमत झालं, आणि त्यांनी मिळून पंचायत केली. सरपंच शेतकरी पार्टीचे, उपसरपंच बाजारटोलीचे. एका वरातीत दोन नवरदेव. कोणाची वचनं पाळायची, यावर भांडण होईल असं सगळ्यांना वाटलं होतं. भांडण झालंच नाही. दोघांनी मोठ्या मनाने एकमेकांची सगळी वचनं स्वीकारली.

म्हणजे डावी बाजू पूर्ण गेली, उजवी पूर्ण राहिली.

पंचायतीत एक बाई असावी असं वरून आलं होतं. बाई शोधताना दोन्ही पार्ट्यांना मीच सापडले, कारण तंबाखू दोन्ही पार्ट्या आमच्याच दुकानातून नेत. पहिली बैठक शाळेच्या ओसरीवर झाली. मला सतरंजीच्या कडेला बसवलं, जिथे पाय ठेवले की अर्धे जमिनीवर येतात.

मी विचारलं, "पाचवीच्या खोलीला पैसा कुठून आणायचा?"

सरपंच म्हणाले, "येऊन राहिला नं, बाई."

"कुठून?"

"वरून."

वरून आमच्या गावात आजवर फक्त पाऊस आला होता, तोही सांगितलेल्या वेळी नाही. मी पुन्हा विचारलं, "घरपट्टी माफ केली, ती निम्मी तरी ठेवता येईल का?"

यावर उपसरपंच बोलले. ते गोंदियाचे. अर्धं वाक्य हिंदीत सुरू करून उरलेलं मराठीत संपवायची त्यांची पद्धत. "देखो बाईजी, जबान दे दी म्हणजे दिली. व्यापारी आदमी की जबान आहे."

"मग कोंडवाडा ठेवा."

"ती माही जबान," सरपंच म्हणाले.

"तुमच्या दोघांच्या जबानीवर छपराचे कवेलू बसतात का?"

कोणी हसलं नाही. मालगुजारांच्या पार्टीचे एक म्हातारे पंच मागे भिंतीला टेकून बसले होते, ते मात्र डोळे न उघडता म्हणाले, "बाई, जबान मोप आहे दोघायची. घाला शाकारून."

खरं सांगायचं तर खोली अगदीच नव्हती असं नाही. भिंती होत्या. मातीच्या, चांगल्या जाड. निवडणुकीच्या आधीच्या दिवसांत दोन्ही पार्ट्यांनी चढाओढीने त्या उभ्या केल्या होत्या, दोन भिंती याने आणि दोन त्याने. निवडणूक झाली तेव्हा काम छपराच्या उंचीला आलं होतं, आणि तिथेच थांबलं. छप्पर हे निकालानंतरचं काम होतं. भिंतींवर तणस, म्हणजे धानाचा पेंढा, टाकून ठेवली, की पाऊस आला तर माती वाहून जाऊ नये. ही तणस म्हणजे जोडसरकारचं पाचवीवर झालेलं पहिलं काम. शेवटचं वाटावं असंही.

उन्हाळा चढला तसा मी जाता-येता सरपंचांना विचारत राहिले. दुकानासमोरून त्यांची सायकल गेली की मी हाक मारायची.

"सरपंचभाऊ, खोली?"

"होऊन राहिली नं, बाई."

ते खोटं बोलत नव्हते. आमच्या इकडे हे वाक्य खोटं होऊच शकत नाही. "जेवून राहिलो" म्हणजे जेवतो आहे, "जाऊन राहिलो" म्हणजे जातो आहे. माझ्या माहेरीही तसंच बोलतात. काम चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ. कधी संपेल ते त्यात नसतं, सुरू झालं का तेही नक्की नसतं. सरकार चालवायला याहून सोयीचं क्रियापद मला माहीत नाही.

मग वैशाखात वरच्या खात्याचे साहेब आले. राज्य मुंबईचं झाल्यापासून साहेब तिकडून, पुण्याच्या बाजूचे यायला लागले होते. बोलणं शुद्ध, टोपी पांढरी, आणि ऊन सोसत नाही. शाळा पाहायला आले आणि जेवायला आमच्या घरी. पंचायतीची बाई म्हणजे स्वयंपाक तिच्याकडे, हे कोणत्याही ठरावाशिवाय ठरलेलं होतं. मी चिन्नोरचा भात केला, वरण, वांग्याची भाजी, आंब्याचा रस. चिन्नोरच्या वासाने साहेबांचं मन भरलं, आणि पोटात गेल्यावर डोळे भरून आले. झोपेने. ओसरीवर सरपंच त्यांना पंखा घालत बसले होते आणि मी दाराआड ताक ओतत होते, म्हणून मला दोघांचं बोलणं ऐकू आलं.

साहेबांनी विचारलं, "पाचवीच्या खोलीचं काय झालं?"

"होऊन राहिली जी, साहेब."

"वा. कधीपासून?"

सरपंच जरा विचार करून म्हणाले, "तवापासून. इलेक्शनच्या आंगोदर पासून होऊन राहिली."

"अरे वा. मग उन्हात जाऊन पाहायला नको."

"कायले जाता जी. येवढ्या उनात."

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं, रसाची आणखी एक वाटी घेतली, आणि संध्याकाळच्या गाडीला आमगावला गेले.

शाळा उघडायच्या सुमाराला कागद आला. पाचवीसाठी खोली आधीच बांधून तयार असल्यामुळे वर्ग मंजूर करण्यात येत आहे. गावाच्या तत्परतेबद्दल समाधान. कागद हातात घेऊन सरपंच आमच्या दुकानात आले, कारण गावात असे कागद वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं.

मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, "तयार? मी कवा म्हनलं तयार? मी म्हनलं होऊन राहिली."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. पुण्याच्या माणसाला "राहिली" म्हणजे टिकली, उभी राहिली. खोली होऊन राहिली. झाली आणि उभी आहे. निवडणुकीच्या आधीपासून उभी आहे. साहेबांनी जे ऐकलं ते मराठीच होतं. सरपंच जे बोलले तेही मराठीच होतं. दोन्ही मराठ्या एका राज्यात आणल्यावर एवढं तर होणारच.

सरपंच घाबरले. "खबर देऊ का जी बाई, का नाई झाली म्हनून?"

मी म्हटलं, "कशाला? साहेबांनी समाधान व्यक्त केलं आहे. ते परत कुठे घेऊन जाता?"

आता एक मजा पाहा. जी खोली पैशाने झाली नव्हती, ती व्याकरणाने झाली. फक्त बसायला जागा नव्हती.

गुरुजी आले. तरुण, उंच, पत्र्याची पेटी घेऊन. त्यांनी चार भिंती पाहिल्या, मान वर करून आभाळ पाहिलं, आणि म्हणाले, "हा वर्ग?" मृगाचे दोन पाऊस होऊन गेले होते. आत मुलांऐवजी बेडूक बसले होते. गुरुजींनी आवाज न चढवता सांगितलं, की त्यांना कोहमाऱ्यालाही जागा मिळत होती. तिथे धाबे आहेत, ट्रक थांबतात, आणि शाळेला छप्पर आहे. काही दिवस पाहतो, नाहीतर बदली मागतो. गुरुजी गेले की वर्ग गेला. वर्ग गेला की माझ्या घरात दवनीवाड्याचं स्थळ पुन्हा बोलू लागणार. मी घरी आले, तेव्हा सासूबाई त्या स्थळाकडचे लोक काय खातात-पितात, याची चौकशी करत होत्या.

जुन्या शाळेत चौथीपर्यंतच्या मुलांनाच जागा पुरत नव्हती. मंदिरात बसवावं तर पुजारी म्हणाले, मुली आहेत. मग पंचायतीच्या मालकीची छप्पर असलेली इमारत गावात उरली एकच. तिच्यावर वचनानुसार कुलूप लावलं होतं.

कोंडवाडा.

तीन बाजूंनी भिंत, समोर काठ्यांचं फाटक, मधे अंगण आणि मागे लांब पडवी. पडवीवर चांगले कवेलू. गुरांना दंडासाठी कोंडायचे, पण भिजू देत नसत. इंग्रज जुलमी असला तरी त्याने छप्पर घातलं होतं. मी पंचायतीत सांगितलं. सरपंचांना पटायला वेळ लागला नाही. ते उठून म्हणाले, कोंडवाडा बंद करतो म्हनलं होतं, केला. पाचवी आनतो म्हनलं होतं, आनली. एका इमारतीत दोन वचनं पुरी. उपसरपंचांनी अभिनंदनाचा ठराव मांडला. मी फक्त झाडणीला दोन माणसं मागितली. त्यांची व्यवस्था पुढच्या बैठकीत पाहू, असं ठरलं. म्हणून मी आणि आमच्या गल्लीतल्या दोघी जणींनी पडवी झाडून, सारवून घेतली.

अशी आमच्या गावात पाचवी सुरू झाली. मुलं बारा, त्यांत मुली पाच. मुलींच्या आयांनी मला विचारलं होतं, तुमची बसते का? बसते म्हटल्यावर त्यांच्याही बसल्या. लेक पहिल्या दिवशी घरी आली तेव्हा तिच्या परकराला शेणाचा वास होता, आणि तिला भूगोल शिकवला होता. ती फार खूश होती. आजीने नाक धरलं.

आता कोंडवाडा बंद म्हटल्यावर गावची ढोरं काय करतील, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. ढोरांनी मात्र जाहीरनामा नीट समजून घेतला होता. पऱ्हे हिरवे झाले, म्हणजे रोवणीसाठी वाढवलेली धानाची रोपं वीतभर आली, आणि गावातलं प्रत्येक मोकाट जनावर तिथे जेवायला जाऊ लागलं. आधी लोक चरणारं ढोर कोंडवाड्यात नेऊन घालत. आता नेणार कुठे? हाकलायचं, आणि ते शेजाऱ्याच्या पऱ्ह्यात जायचं. शेजाऱ्याने हाकललं की परत यायचं. दंड नाही, कैद नाही. स्वातंत्र्य म्हणतात ते हेच असावं.

आणि एका दुपारी उपसरपंचांची पांढरी गाय सरपंचांच्या पऱ्ह्यात शिरली.

मी दुकानात होते. आमच्या लेकीबरोबरची एक पोरगी पळत आली, "काकू, चाला. सरपंच गाय घेऊन वर्गात आले."

गेले तेव्हा फाटक उघडं होतं. अंगणात सरपंच, त्यांच्या हातात दावं, दाव्याला गाय. गाईच्या तोंडात अजून हिरवं होतं. पडवीत मुलं फळ्याकडे पाठ करून बसलेली. गुरुजी हातात खडू घेऊन उभे. मागोमाग उपसरपंच आले, धावल्यामुळे धाप लागलेली.

"कोंडवाडा चालू झाला," सरपंच म्हणाले. "आजपासून. मास्तर, पोट्टे काढा बाहेर."

"सरपंचसाब, जबान दी थी आपने," उपसरपंच म्हणाले. "दंड नाही लगेगा म्हणून."

"तुमची गाय माह्या पऱ्ह्यात शिरन असं नोतं म्हनलं मी."

"गाय को क्या मालूम कोणाचा पऱ्हा?"

"बराबर मालूम आहे तिले. तीन बांध्या सोडून आली."

"म्हणजे माल पसंत पडला," उपसरपंच म्हणाले, आणि तेवढ्यात त्यांना स्वतःलाच वाटलं की हे बोलायला नको होतं.

सरपंचांनी दावं खुंटीला बांधलं. खुंटी फळ्याच्या अगदी शेजारी होती. गुरुजी माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "बाई, एक तर ही राहील, नाहीतर मी. मी कोहमाऱ्याला चिठ्ठी लिहितो." माझी लेक तिच्या जागेवरून माझ्याकडे पाहत होती. घरी आजी आहे, हे तिलाही माहीत होतं.

मी म्हटलं, "सरपंचभाऊ, कोंडवाडा तुम्हाला हवा. घ्या. मला पंधरा दिवस द्या. ढोरं अंगणात, मुलं पडवीत. पंधरा दिवसांत मुलं आपल्या खोलीत जातील."

"कोनत्या खोलीत?"

"ती होऊन राहिली आहे ना. तिच्यात."

त्यांनी दाव्याची गाठ आवळली. मग म्हणाले, "छपराले पैसा कोठून आनता?"

"तुमच्यासारखाच. वरून."

त्याच संध्याकाळी मी गल्लीपासून सुरुवात केली. आमच्याकडे पावसाआधी घरं फेरतात, म्हणजे फुटके कवेलू काढून नवे घालतात, आणि उरलेले मागच्या भिंतीशी रचून ठेवतात. प्रत्येक घरामागे अशी एक रास असते, आणि राशीत विंचू. गावात कवेलू कमी नव्हते. फक्त ते पंचायतीचे नव्हते.

पहिल्याच घरी मी चुकीचं बोलले. म्हटलं, "शाळेच्या खोलीसाठी थोडे कवेलू दे."

शेजारीण कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "काऊन वं बाई? शारा करून देऊ म्हने ते दोघं. आता आमाले मांगून राहिले का? मंग घरपट्टी कायले माफ केली?"

तिचं काही चुकत नव्हतं. सरकारने फुकट देऊ म्हटलेली वस्तू विकत घेणारा गावात मूर्ख ठरतो. दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. चौथ्या घरी जाताना मी थांबले. गावाकडून काय मिळत नाही याची यादी माझ्याकडे होती. काय मिळतं याची मी केलीच नव्हती. ती केली. तिच्यात एकच नाव आलं.

मंडई.

मागच्या वर्षीच्या मंडईला दंडारीवाले आले होते, तेव्हा त्यांना रंगायला जागा नव्हती. राणीचं काम करणारा गडी उभ्या बैलगाडीआड लुगडं नेसला, थंडीत त्याला शिंका लागल्या, आणि राजदरबारात येऊन त्याने राजाच्या तोंडावर अशी शिंक दिली की अर्ध्या मिशा खाली आल्या. आसपासच्या गावांत आमचं गाव त्या शिंकेने ओळखलं जाऊ लागलं. दवनीवाड्यात दंडारीवाल्यांना रंगायला वेगळी खोली मिळाली होती, हे आमच्या लोकांना फार लागलं होतं.

चौथ्या घरी मी म्हटलं, "दंडारीवाल्यांना रंगायला खोली करून राहिलो. भिंती आहेत. कवेलू पाहिजेत."

"मंडईसाठी?"

"मंडईसाठी."

"मंग आंगोदर काऊन नाई सांगितलं?" घरच्या बाईने मुलाला हाक मारली. "अरे, मांगचे कवेलू काढ. विंचू पाहून काढ."

नंतर मी मागितलंच नाही. बातमी माझ्या पुढे पोहोचत होती. पहिल्या घरची शेजारीण स्वतः टोपलं डोक्यावर घेऊन आली. तलावाखालच्यांनी बांबू दिले. बाजारटोलीला कळलं की तलावाखालचे बांबू देतात, तेव्हा त्यांनी लाकडाचे फाटे दिले. मालगुजारांच्या म्हाताऱ्या पंचांनी एक सागाचं आडं पाठवलं, निरोपासह: आमची पार्टी विरोधात आहे, पन शिंकेच्या विरोधात आमी सगळ्यायच्या आंगोदर आहो.

जी घरं पट्टी माफ झाली म्हणून नाचली होती, त्यांनी पट्टीहून जास्त दिलं. कोणी त्याला कर म्हटलं नाही. मीही नाही.

एक उघाड मिळाली. माणसं वर चढली, बाया खालून कवेलू देत गेल्या, आणि चार भिंतींवर छप्पर बसलं. तोपर्यंत मुलं पडवीत होती आणि अंगणात ढोरं होती. गुरुजींनी तेवढे दिवस काढले. चिठ्ठी लिहिली होती की नाही, ते मी विचारलं नाही. त्यांनी ती टाकली नाही, एवढं मला पुरलं. पाचवी नव्या खोलीत बसली, त्या दिवशी सरपंचांनी दारात नारळ फोडला आणि सांगितलं, जोडसरकारने वचन पाळलं. उपसरपंचांनी सांगितलं, एक पैचाही कर न लावता पाळलं. दोन्ही खरं होतं. कवेलूंनी भाषण केलं नाही.

तलावाची पाळ त्या वर्षी झाली नाही. तिच्यासाठी मला मंडईसारखा शब्द सापडला नाही.

दिवाळीनंतर मंडई झाली. दोन नाही, एक रात्र. दंडारीवाले खोलीत रंगले, राणी शिंकली नाही. दुसऱ्या दिवशी मुलं वर्गात गेली तर फळ्यावर काजळाची बोटं होती आणि भिंतीवरच्या नकाशात बंगालच्या उपसागराला मिशा होत्या. गुरुजींनी त्या पुसल्या नाहीत. म्हणाले, राहू द्या, खोली कोणामुळे आहे ते मुलांना कळू द्या.

वार्षिक तपासणीला तेच साहेब आले. भात पुन्हा चिन्नोरचा. या वेळी ऊन नव्हतं, म्हणून ते खोली पाहायला गेले. छताकडे पाहून म्हणाले, "वर्षभराच्या मानाने कवेलू फार जुने दिसतात." सरपंच माझ्याकडे पाहू लागले. मी म्हटलं, "साहेब, आमच्याकडे टिकाऊच वापरतात."

लेक पाचवी पास झाली. तिच्याबरोबरच्या चौघीही झाल्या. पुढची शाळा आमगावलाच, वाट तीच, नाला तोच. पण एकटीला न पाठवणाऱ्या गावाला पाच जणींना एकत्र अडवायला कारण सापडलं नाही. सासूबाई पहिल्या दिवशी नाल्यापर्यंत सोडायला गेल्या, परत येऊन म्हणाल्या, "जाऊ दे. पाच झनी आहेत, नाल्यालेच भेव वाटन." दवनीवाड्याच्या स्थळाने मग दुसरीकडे सोय पाहिली. पाचही जणी अजून जातात, सकाळी, हसत, रस्त्याची पूर्ण रुंदी व्यापून. माझे मालक दुकानातून त्यांच्याकडे पाहतात. निदान पाहतात तरी.

तर परवा पेढे वाटून झाले आणि दोघांची भाषणं झाली. सातवीपर्यंत शाळा, आणि कर नाही. धाकटा माझा तिसरीत आहे. सभा संपल्यावर सरपंच माझ्याजवळ आले, जरा हळू आवाजात म्हणाले, "बाई, या वर्षीची मंडई मोठी करावी म्हनतो. दोन दंडारी आनू. आता दोन खोल्या लागतीन."

मी घरी आले आणि मागच्या भिंतीशी कवेलू रचायला घेतले. विंचू पाहून.